विस्तव न पाहिलेला गोमेद

बाईनं खाणीच्या बांधावर पाय ठेवला की जमिनीतले दगड खोल पळून जातात, हे रत्नपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. माझी आई जन्मभर बाबांच्या भाताचा पुडा लांबच्या फणसाखाली ठेवायची, खाकरायची आणि मागच्या मागं घरी यायची. भात तिच्या हातचा चालायचा, पुडा तिच्या हातचा चालायचा, ती चालायची नाही. खाणीत काही निघालं नाही की बाबा घरी येऊन पहिला प्रश्न विचारायचे, "आज कुठवर आली होतीस?"

त्या बांधावर मी पाय ठेवला. एका अंगठीसाठी ठेवला, म्हणून आधी अंगठीचं सांगते.

मी यसवती. दगडांना पैलू पाडते. दुकानावर पाटी माझ्या धाकट्या भावाची, सिरिसोमची. चाक मागच्या पडवीत आणि चाकामागं मी. गिऱ्हाइकानं विचारलं, "पैलू कुणी पाडले हो?" तर सिरिसोम नुसता हसतो आणि आपले दोन्ही हात काउंटरवर ठेवतो. गुळगुळीत हात. एक नख मोडलेलं नाही, बोटात एक कण रुतलेला नाही. इतक्या वर्षांत एकाही शहाण्यानं त्याला विचारलं नाही की बाबा, चाकावर बसणाऱ्याचे हात असे कसे?

त्या सकाळी एक मुलगी आली आणि तिनं दुकानात शिरताच विचारलं, "यसवती कोण?"

मी पडवीत होते. चाक थांबवलं आणि पुढं आले. दुकानात माझं नाव घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकत होते.

तिचं नाव ओशादी. लग्न ठरलेलं, मुहूर्त काढलेला. कुठल्याशा जुन्या सोनारानं तिला सांगितलं होतं की सिरिसोमच्या दुकानातला दगड बघायचा असेल तर सिरिसोमला विचारू नको, त्याच्या बहिणीला विचार. तिनं पर्समधून कागदाची पुडी काढली आणि माझ्या तळहातावर उलटी केली. फुटका नीलम होता. तिच्या आईच्या लग्नातला.

"अंगठी सैल करायला दिली होती," ती म्हणाली. "सोनारानं ज्योत लावली आणि दगडाच्या चिरांत भरलेली काच पाघळली. आई रडली नाही, अक्का. नुसती बघत राहिली. इतकी वर्षं देवासमोर हाच हात जोडला, म्हणाली."

"मग आता तुला काय हवंय?"

"आग न लागलेला दगड. नीलम नको, आता भट्टीत न गेलेला नीलम मिळतो कुठं? केशरी हवा. थंबिली नारळाच्या सालीसारखा केशरी."

"म्हणजे गोमेद."

"गोमेद. पण खरा."

सिरिसोमनं तोवर तबक मांडलं होतं. "मिस, हे बघा! एकाहून एक. आणि कागदासकट. प्रयोगशाळेचा कागद."

कागदाचं मला कुणी सांगू नये. कागद खरा असतो. तो ज्या दगडाचा असतो तो दगड कधीच विकला गेलेला असतो, आणि त्याच कागदाखाली तिसराच कुणीतरी येऊन बसतो. मी तबक उचललं आणि थेट रस्त्यावर आले. दगड बघायचा तर सकाळी, उघड्यावर, सूर्याकडं पाठ करून. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली वाळलेली सुपारीसुद्धा गोमेद दिसते.

ओशादी माझ्या मागं आली. पहिला दगड मी तिच्या गालाला लावला.

"गार लागला?"

"नाही."

"काच आहे. बघ कशी स्वच्छ आहे, आत काही म्हणजे काही नाही. ज्याच्या आत काहीच नाही त्याच्यावर विश्वास ठेवू नये."

दुसरा मी स्पिरिट लावलेल्या फडक्यानं मागून पुसला. फडकं केशरी झालं. तिसऱ्याच्या चिरांत तेल भरलेलं होतं. उन्हात जरा धरला तर चिरेच्या तोंडाशी घाम आल्यासारखं चमकलं. चौथा खरा होता, पण शिळ्या चहाच्या रंगाचा. गोमेदाला भट्टी फारशी मानवत नाही, रंग उजळायचा सोडून मरतो. म्हणून माणसांनी बाकीचे सगळे उद्योग शोधून काढले. पाचवा गोमेद नव्हताच, जरगन होता. जरगन म्हणजे हलक्या भावाचा दगड. तांबूस निघतो, विस्तवात घातला की पांढराफटक पडतो, मग त्याला हिरा म्हणून खपवतात.

"खरा कसा ओळखायचा?" तिनं विचारलं.

"गरम पाण्यात कितुल माडाचा पाक सोडलायस कधी? काकवीसारखा दाट पाक. तो विरघळताना पाण्यात जशी लाट हलते ना, तशी लाट गोमेदाच्या पोटात असते. ती माणसाला करता येत नाही. पण त्या लाटेनं दगड जरासा धूसर दिसतो आणि लोक नाक मुरडतात. म्हणून दुकानदार लाटेचा दगड मागं ठेवतात आणि काच पुढं."

सिरिसोम दारात उभा राहून सगळं ऐकत होता. शेजारच्या दुकानातले दोघंही ऐकत होते.

"जमिनीतून निघाला तसा तुला देईन," मी ओशादीला म्हणाले. "मधे माझ्याशिवाय कुणाचा हात लागू देणार नाही."

"शब्द देताय, अक्का?"

"दिला."

ती गेली आणि सिरिसोमनं आपल्याच दुकानाचं दार धाडकन लावलं.

"अक्का, तू माझं दुकान रस्त्यावर नेऊन फाडलंस!"

"मी फडक्यानं दगड पुसला. रंग तू लावला होतास."

"सगळे लावतात! मी एकटा लावतो? आणि शब्द कसला देतेस? दगड कुठून आणणार? लीलारत्न मुदलालीच्या खाणीतून, दुसरीकडून कुठून? तो मला देतो, मी तुला देतो."

"आणि तुमच्या दोघांच्या मधे तो काय काय होऊन येतो, ते आत्ताच बघितलं."

"मग काय खाणीत जाऊन बसणार आहेस?"

तो हे हसत म्हणाला. आमच्याकडं अशक्य गोष्टीला हसतात. मी हसले नाही, तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"मल्ली," मी म्हणाले, लहानपणापासून मी त्याला धाकट्याच्या नात्यानं असंच हाक मारते, "बुधवारी मुदलालीचं धुणं आहे ना?"

मुदलाली म्हणजे खाणीचा धनी. खाणीतून काढलेली दगडमिश्रित रेव साठवत जातात आणि मग एका चांगल्या दिवशी सगळी एकदम धुतात. समन देवाच्या नावानं दिवा लावतात, विड्याची पानं मांडतात, आणि दिवा लावला की तो ढीग संपेपर्यंत धुणं थांबवायचं नाही. थांबवलं तर देवाचा अपमान. पाण्यात उतरणाऱ्यानं शुद्ध असावं लागतं. मटण-मासे सोडलेले, बायकोपासून लांब झोपलेला. त्या दिवशी ज्याला बाईचा स्पर्श झाला त्यानं पाण्याकडं फिरकायचं नाही. हे सगळं मला कसं माहीत? आईकडून. ज्यांना आत येऊ देत नाहीत त्यांना नियम तोंडपाठ असतात.

बुधवारी मी दिवा लागेपर्यंत फणसाखाली थांबले. पहिल्या टोपल्या पाण्यात फिरू लागल्या आणि मी चालत जाऊन बांधावर उभी राहिले.

पाण्यात कमरेएवढे उभे असलेले सहाही जण थिजले. टोपल्या फिरायच्या थांबल्या. वरच्या काठावर खुर्ची टाकून बसलेला लीलारत्न मुदलाली असा उठला की खुर्ची मागं उलटली. पोट सुटलेला, कंबरेला पांढरा सारोंग, गळ्यात मंतरलेला दोरा.

"अक्का! अक्का, मागं! मागं सर!"

"का?"

"का म्हणून विचारतेस? सिरिसोमची बहीण ना तू? वेड लागलंय?"

"मला एक गोमेद हवाय. निघताना बघायचाय. बघेन, विकत घेईन, जाईन."

"घरी पाठवतो! तुझ्या दारात आणून देतो!"

"दारात आलेले बघितलेत मी."

"अगं, देव बघतोय!"

"मग त्याला काय मला हाकलता येत नाही? त्याला जमत असेल तर त्यानं हाकलावं. तू खाली बस."

पाण्यातला एक म्हातारा, गुणतिलक नावाचा, मोठमोठ्यानं मंत्र म्हणायला लागला. एक जण दात ओठ खात काठाकडं निघाला, मला ओढून काढायला. मी दोन्ही हात त्याच्यापुढं केले.

"ये," मी म्हणाले. "धर हात. आणि मग बस माझ्याशेजारी दिवसभर. पाण्यात परत उतरायचं नाही तुला, ठाऊक आहे ना? तुझा वाटाही गेला."

तो मधल्या पायरीवर थांबला. त्यानं मुदलालीकडं बघितलं. मुदलालीनं दुसऱ्याकडं बघितलं. दुसरा टोपलीत बघायला लागला. मला बाहेर काढायचं तर मला हात लावायला हवा, आणि मला हात लावला तर धुणाऱ्याचा दिवस संपला. आणि धुणं तर थांबवताच येत नाही, दिवा लागलेला. किती पिढ्यांनी मिळून हा नियम आम्हाला बाहेर ठेवायला बनवला असेल! आत आलेलीला बाहेर कसं काढायचं, हे ठरवायचं मात्र कुणाला सुचलंच नाही. कारण कुणी आलीच नव्हती.

मी बांधावर मांडी घालून बसले.

"काही निघालं नाही तर तुझ्या डोक्यावर," मुदलाली ओरडला.

"आणि निघालं तर?"

मुदलालीनं उलटलेली खुर्ची सरळ केली. टोपल्या पुन्हा फिरायला लागल्या.

ऊन चढलं. माती वाहून जायची, टोपलीच्या तळाशी खडे उरायचे, आणि गुणतिलक म्हातारा टोपली तिरकी करून हाताचा पंजा एकदाच फिरवायचा. चांगला दगड मुदलालीच्या वाटीत. बारीकसारीक, हलकं ते दुसऱ्या डब्यात. त्याला दल्लम म्हणतात, ते धुणाऱ्यांचं. मी टोपलीवरची नजर हलवली नाही. माझ्या नजरेचा त्रास त्यांना होत होता, तो मला दिसत होता. होऊ दे म्हटलं. माझ्या आईला फणसाखाली झालेला त्रास कुणी मोजला होता?

मग तो आला. गुणतिलकच्या पंजाखाली, काळ्या रेवेत, फणसाच्या बीपेक्षा जरा लहान. ओला होता आणि ऊन सरळ त्याच्यात शिरलं होतं. थंबिलीचा रंग, तसाच. मी बसल्या जागेवरून त्याच्या पोटातली लाट बघितली. पाक विरघळतोय अशी. हलली.

म्हाताऱ्यानं तो वर धरला. मुदलालीनं मान हलवली. "जरगन आहे. दल्लममध्ये टाक."

"जरगन नाही," मी म्हणाले. "गोमेद आहे. मला द्या."

मी हे बोलायला नको होतं. बोलले नसते तर दल्लमच्या भावात, हसत हसत मिळाला असता. पण ओशादीला खरा दगड द्यायचा आणि तो खोटं बोलून मिळवायचा, हे माझ्या घशाखाली उतरलं नाही.

मुदलालीचा सकाळपासूनचा सगळा राग त्या एका खड्यावर येऊन बसला. त्यानं तो म्हाताऱ्याच्या हातातून घेतला, नीट बघितलाही नाही.

"बाई मला दगड शिकवणार? माझ्या खाणीत? तुझी नजर लागलीय याला. याची नजर आत्ताच्या आत्ता उतरवतो." काठावर चहाचं भांडं ठेवलेलं, करवंट्यांचे निखारे लाल झालेले. त्यानं भांडं लाथेनं बाजूला केलं. "जरगन असेल तर पांढरा होईल. नसेल तर फुटेल. दोन्हीत तुझ्या कामाचा नाही."

त्याचा हात निखाऱ्यांवर गेला. मी दिलेला शब्द त्या दोन बोटांच्या चिमटीत होता.

मी उठले. त्याच्याकडं गेले नाही. पाण्याकडं गेले. चप्पल काढली आणि काठावरच्या शेवटच्या पायरीवर उभी राहिले.

"टाक," मी म्हणाले. "तू तो विस्तवात टाक, मी पाण्यात उतरते."

अजून अर्ध्याहून जास्त ढीग तसाच पडला होता. कित्येक महिने जमिनीच्या पोटात वाकून, गुदमरून काढलेली रेव. बाई उतरलेल्या पाण्यात ती धुता येणार नव्हती, आणि दुसरीकडं नेऊनही धुता येणार नव्हती, कारण दिवा इथं लागलेला.

मी एक पाय उचलला.

"अहो मुदलाली!" पायरीवरचा तो दात ओठ खाणारा किंचाळला. "द्या की तिला! एका खड्यापायी आमचा सगळ्यांचा घास घालवता का?"

"तुमचं काय जातंय? तुमची खुर्ची वर आहे!" दुसरा म्हणाला.

गुणतिलक म्हाताऱ्याचा मंत्र कधीच थांबला होता. "लीलारत्न," तो शांतपणे म्हणाला, "दल्लम आमचं. तो खडा तू दल्लममध्ये टाकायला सांगितलास, सगळ्यांनी ऐकलं. आमचा दगड तू कसा जाळतोस?"

मुदलालीचा हात निखाऱ्यांवरून मागं आला. त्याची बोटं भाजली असावीत, कारण त्यानं ती नंतर बराच वेळ सारोंगला पुसली. खडा त्यानं म्हाताऱ्याकडं भिरकावला. म्हाताऱ्यानं तो विड्याच्या पानावर ठेवला आणि पान बांधावर माझ्यापासून हातभर लांब सरकवलं. मला स्पर्श होऊ नये म्हणून. ठीक आहे. पान मी उचललं.

"जरगनचा भाव दे आणि जा," म्हातारा म्हणाला.

"गोमेदाचा देते," मी म्हणाले. "गोमेद आहे म्हणून सांगितलंय मी."

कंबरेला बांधून आणलेलं होतं ते सगळं त्याच पानावर ठेवलं आणि सरकवलं. सहा जणांनी ते बघितलं. मुदलालीनंही बघितलं, आणि तेव्हा कुठं त्याला कळलं की आपण काय जाळायला निघालो होतो. तेवढं त्याचं तोंड मला पुरलं.

मी गेल्यावर दुपारी एक चांगला निळा निघाला म्हणे. त्यावर खाणीवाल्यांत असं ठरलं की यसवती बसली होती तोवर तो दडून होता, ती गेली म्हणून वर आला. काही निघालं नसतं तर काय ठरलं असतं ते सांगायला नको. या लोकांना हरवता येत नाही. फक्त त्यांच्यासमोर बसता येतं.

दगडाला पैलू पाडायला मी घाई केली नाही. लाट मधोमध राहील असा तळ धरला. वजन गेलं, जाऊ दे म्हटलं. सिरिसोमनं भिंग लावून बघितला आणि डोळ्यावरून काढलं.

"आत धूर आहे, अक्का. तेलात ठेव दोन रात्री, बसेल."

"लाट आहे ती. आणि तेलाचं नाव काढलंस तर चाक तुझ्या काउंटरवर आणून ठेवीन."

तो खाली बसला. त्याचा आवाज एकदम लहानपणीचा झाला. "ऐक ना. एक कर. पोरीला सांग की दगड बाजारातून घेतला. ओळखीच्या माणसाकडून. खाणीवर गेलीस ते बोलू नको. मुदलालीचं मी कसंबसं मिटवतोय. अजून अर्धं गाव म्हणतंय की ती अफवा आहे. तू तुझ्या तोंडानं बोललीस की संपलं. एकही खाण मला दगड देणार नाही."

त्याचं खोटं नव्हतं. त्याला दोन पोरं आहेत, त्यांना मी अंगाखांद्यावर वाढवलंय.

ओशादी आली ती होणाऱ्या सासूला घेऊन. रेशमी साडी, तोंडात विडा. दुकानात आणखी चार गिऱ्हाइकं होती, एक तर मुदलालीचा मेहुणाच. ओशादीनं दगड उचलला आणि मी काही सांगायच्या आत रस्त्यावर गेली. सूर्याकडं पाठ केली. आधी गालाला लावला. मग डोळ्यासमोर धरला आणि तशीच उभी राहिली.

"हलतंय," ती म्हणाली. "अक्का, आत हलतंय."

सासूनं तो तिच्या हातातून घेऊन आत आणला. "डाग आहे आत. आणि गोमेद? राहूचा खडा? लग्नात? बाई, स्वच्छ दगड नाहीत का तुमच्याकडं?"

"आहेत की!" सिरिसोम तबक घेऊन धावला. "एकदम स्वच्छ, मॅडम, कागदासकट!"

ओशादीनं तबकाकडं बघितलंही नाही. ती माझ्याकडं बघत होती. तिच्या आईचा तो पाघळलेला नीलम तिच्या डोळ्यांत होता. आईलाही लग्नात कुणीतरी असंच काहीतरी छातीठोकपणे सांगितलं असेल.

"आग लागलेली नाही ना याला?" तिनं विचारलं.

"नाही."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

सिरिसोमनं माझ्याकडं बघून मान हलवली. अगदी हळू. मुदलालीचा मेहुणा काउंटरवरच्या साखळ्या चाळवायचा थांबला.

"कुणी सांगितलं नाही," मी म्हणाले, आणि रस्त्यापलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "मी तिथं होते. लीलारत्न मुदलालीच्या बांधावर, धुण्याच्या दिवशी, दिवा लागलेला असताना. निघाला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर निघाला. विस्तवावर धरला होता त्यांनी, पण टाकू दिला नाही मी."

मेहुणा तोंडावर हात धरून बाहेर पळाला. सासूनं दगड असा काउंटरवर ठेवला जसा काही तो खरंच विस्तव होता. ओशादीनं तो लगेच उचलला आणि मुठीत धरला.

"हाच," ती म्हणाली. सासूकडं बघत म्हणाली. "आणि कागद नको. कुणी विचारलं तर मी यांचं नाव सांगेन."

अंगठी तिनं लग्नात घातली. सिरिसोमला खाणींनी दगड देणं खरंच बंद केलं. तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मग एका सकाळी न बोलताच चाक उचलून पडवीतून पुढं, काउंटरशेजारी, रस्त्याच्या उजेडात आणून ठेवलं. लोक आता चाकाकडं बघून दगड मागतात, आणि द्यायला दगड नाहीत.

म्हणून ते आणायला लागणारच. मुदलालीनं पुढच्या धुण्यासाठी बांधाभोवती काटेरी फांद्या रोवल्यात, असं गुणतिलक म्हातारा परवा सांगत होता. सांगताना हसत होता.

माझ्याकडं कोयता आहे.